जेवणातून विषबाधा झाली की माग कसा काढायचा: जीनोम सिक्वेन्सिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकणारी मुलंमुली, पॅथॉलॉजी लॅबमधले टेक्निशियन आणि पीएचसीला नुकतेच रुजू झालेले डॉक्टर, यांच्यासाठी हे लिहितोय. कोविडमुळे जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए अक्षर-अक्षर वाचणं, हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलाय, पण तेच तंत्र वापरून जेवणातून पसरलेल्या बॅक्टेरियाचा माग काढता येतो आणि बऱ्याच देशांत हे आता रोजचं काम झालंय, हे आपल्याकडे कॉलेजात फारसं कोणी सांगत नाही. मला मनापासून वाटतं की नाशिकला हे यायलाच हवं. लग्नसराईत हजार-हजार पानं उठतात, आदिवासी पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, सातपूर-अंबडला कंपन्यांची कँटीनं आहेत, पंचवटीत अन्नछत्रं आहेत, आणि आता २०२७चा सिंहस्थ येतोय. म्हणजे देशभरातून लोक येणार, इथे जेवणार आणि त्रास सुरू व्हायच्या आत आपापल्या गावी पोचलेले असणार. एक जण इंदूरला ॲडमिट, एक सुरतला, एक लातूरला, तिघांचे डॉक्टर वेगळे, आणि तिघं एकाच पंगतीत बसले होते हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. अशा वेळी जीनोमच सांगू शकतो की हे तिघं एकाच धाग्यात आहेत.

आधी मूळ कल्पना

जेवणातून पसरणाऱ्या बॅक्टेरियांपैकी साल्मोनेलाच्या डीएनएत साधारण ४८ लाख अक्षरं असतात, ई. कोलायमध्ये ५० लाखांच्या आसपास, लिस्टेरियात ३० लाखांच्या जवळपास. बॅक्टेरिया वाढतो तेव्हा ही सगळी अक्षरं कॉपी होतात आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं, ती चूक मग पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच जाते. वर्गात दोघांच्या वहीत एकाच ठिकाणी एकच स्पेलिंगची चूक सापडली की मास्तरांना कळतं दोन्ही वह्या एकाच ठिकाणावरून उतरवल्यात, तसंच हे. साल्मोनेलात वर्षाला साधारण एक-दोन अक्षरं बदलतात असं धरून चाला, त्यामुळे दोन पेशंटच्या जंतूंत दोन-तीन अक्षरांचाच फरक निघाला तर त्यांचा पूर्वज अगदी अलीकडचा, आणि दोनशे निघाला तर या प्रकरणापुरता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. या एका अक्षराच्या फरकाला स्निप म्हणतात, हा शब्द पुढे सारखा येईल.

पूर्वी हे काम पीएफजीईने व्हायचं, म्हणजे डीएनएचे तुकडे करून जेलवर पट्ट्या बघायच्या. अमेरिकेत पल्सनेट नावाचं जाळं १९९६ पासून यावरच चालत होतं आणि २०१९ मध्ये ते पूर्णपणे सिक्वेन्सिंगवर आलं. पीएफजीईची अडचण अशी की पट्ट्या सारख्या दिसल्या तरी जंतू वेगळे असू शकतात, कारण तिथे अख्ख्या जीनोममधल्या मोजक्या जागाच बघितल्या जातात.

पहिलं काम: हे सिक्वेन्सिंगचं प्रकरण आहे का ते ठरवा

विषबाधा म्हटलं की लगेच मशीनकडे धावायचं नाही. जेवल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, आणि सगळे एकाच पंगतीतले, तर बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सेरियसचं तयार विष जेवणात होतं. हे विष परत उकळून जात नाही, जंतू मरतात पण विष राहतं. इथे आधी विचारायचं ते इतकंच की बासुंदी किंवा भात किती वेळ बाहेर राहिला आणि कोणी हाताळला. जागा समोर आहे, जेवण समोर आहे, जीनोमवाचून फारसं अडत नाही.

बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही ताप आणि जुलाब सुरू झाले, तर साल्मोनेलाचा संशय घ्या. तीन-चार दिवसांनी रक्ताचे जुलाब आणि मग एखाद्या लहान मुलाची लघवी कमी झाली तर शिगा टॉक्सिन नावाचं विष सोडणारं ई. कोलाय डोक्यात यायलाच हवं, कारण त्यात किडनी जाऊ शकते. आणि लिस्टेरिया तर कधी ७० दिवसांनीही उगवतो, गरोदर बायका, नवजात बाळं आणि म्हातारी माणसं यांना गाठतो. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं हे कोणाला आठवणार? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाचे हजाराहून जास्त पेशंट आणि दोनशेहून जास्त मृत्यू झाले, कित्येक महिने स्रोत सापडत नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये एका पाळणाघरातली मुलं आजारी पडली, तिथल्या फ्रिजमधून पोलोनी नावाचं तयार मांस उचललं, त्यावरून तपास कारखान्यापर्यंत गेला आणि कारखान्यातला जंतू पेशंटच्या जंतूशी जीनोमवर जुळला.

आपल्या कामासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा दिंडोरीकडच्या एका गावात लग्नानंतर साठेक जण आजारी पडले. त्याच आठवड्यात सिन्नरच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काही कामगार, आणि नाशिकरोडच्या एका हॉस्टेलची काही मुलं. तिन्ही ठिकाणी पनीरची भाजी होती, पण लग्नात आणि कँटीनमध्ये पनीर असतंच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. ही तीन वेगळी प्रकरणं की एकच? जीनोमला विचारायचा प्रश्न हा असा नेमका हवा.

दुसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं: सॅम्पल

मशीन कितीही भारी असलं तरी सगळा तपास पहिल्या एक-दोन दिवसांत गावात काय झालं यावर ठरतो, आणि हे कोर्समध्ये सगळ्यात कमी शिकवतात. जुलाब लागले की आपल्याकडे माणूस आधी मेडिकलमधून गोळी आणतो, पीएचसीला येईपर्यंत दोन डोस गेलेले असतात आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघताना, काही उगवत नाही. म्हणून संडासचं सॅम्पल अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचं, उपचार थांबवून नाही तर उपचाराच्या अगदी सुरुवातीला, सलाईन लावता लावता. सगळ्या साठ जणांचं लागत नाही, ज्यांना त्रास नुकताच सुरू झालाय अशा पाच-दहा जणांचं चांगलं सॅम्पल मिळालं तरी सुरुवातीला पुरतं. लॅबला पोचायला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, आणि पेठ-सुरगाण्याहून लागतोच, तर कॅरी-ब्लेअर माध्यमात (यात जंतू वाटेत जिवंत राहतात) स्वॅब घालून थंड पेटीत पाठवा. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे बरेच जंतू मरतात.

जेवणाचं तर अजून अवघड. लोक आजारी पडलेत हे कळेपर्यंत पातेली घासून मांडवाच्या कोपऱ्यात उपडी पडलेली असतात आणि उरलेलं जेवण जनावरांना गेलेलं असतं. आशाताई किंवा एएनएमचा फोन आला की पहिलं वाक्य हेच बोला, उरलेलं काहीही फेकू नका. प्रत्येक पदार्थ वेगळ्या निर्जंतुक डब्यात, साधारण २०० ग्रॅम, दर वेळी वेगळा स्वच्छ चमचा, आणि सगळं थंड. जेवण संपलंच असेल तर कच्च्या मालाकडे वळा, पनीरचं उरलेलं पाकीट, त्यावरचा बॅच नंबर, दुकानाचं बिल, सगळ्याचे फोटो काढा. पाणी घेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट असलंच पाहिजे, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, हे सगळं आजाराच्या तपासासाठी. ज्यावर पुढे कारवाई होऊ शकते ते कायदेशीर सॅम्पल अन्न सुरक्षा अधिकारी घेतात, त्याची वेगळी पद्धत आहे, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाला पहिल्याच दिवशी कळवायचं.

सोबत यादी बनवा. कोण, वय, कुठलं गाव, काय खाल्लं, काय नाही खाल्लं, त्रास कधी सुरू झाला. जे जेवले पण आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारा, ही माणसं नेहमी सुटतात आणि त्यांच्याशिवाय कुठल्या पदार्थावर संशय घ्यायचा हे ठरवताच येत नाही. प्रत्येक सॅम्पलवर दोन तारखा हव्यात, त्रास सुरू झाल्याची आणि सॅम्पल घेतल्याची. नावाऐवजी कोड लिहा.

तिसरं काम: जंतू वाढवा आणि जपा

साल्मोनेलासाठी सेलेनाइट ब्रॉथमध्ये वाढवून एक्सएलडी अगरवर टाका, मध्ये काळा ठिपका असलेल्या कॉलनी (जंतूंचे गोल पुंजके) दिसतील, सोबत मॅकॉन्की अगरची प्लेट ठेवा. ओळख पटली की एकच कॉलनी उचलून नव्या प्लेटवर परत स्ट्रीक करा, म्हणजे ओढून वाढवा, कारण दोन जंतूंची सरमिसळ सिक्वेन्सरमध्ये गेली तर पुढचं सगळं विश्लेषण बिघडतं. जेवणाच्या सॅम्पलमधून मात्र तीन-चार वेगळ्या कॉलनी घ्या आणि प्रत्येक स्वतंत्र जपा, एकाच पनीरमध्ये दोन-तीन प्रकारचे साल्मोनेला असू शकतात आणि आपण उचललेली नेमकी पेशंटशी न जुळणारी निघायची.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते. कल्चरचा रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते, म्हणजे वाफेने जंतू मारून ती टाकून देतात. दहा दिवसांनी कोणाला वाटलं की अरे सिन्नरचं आणि दिंडोरीचं एकच असेल, तर तुलना करायला जंतूच शिल्लक नसतो. मोठ्या हॉस्पिटलात आता पीसीआर पॅनेलवर (सॅम्पलमधूनच थेट जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी) तासाभरात नाव येतं, पेशंटसाठी ते उत्तमच, पण त्यात कॉलनी मिळत नाही आणि कॉलनीशिवाय अख्खा जीनोम वाचणं आजही जिकिरीचं आहे. म्हणून पॅनेल पॉझिटिव्ह आलं की उरलेल्या सॅम्पलचं कल्चर लावाच. कॉलनी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. डीप फ्रीझर नसेल तर न्यूट्रिअंट अगरच्या छोट्या बाटलीत सुईने टोचून, बूच घट्ट लावून, अंधारात ठेवलेला साल्मोनेला कित्येक महिने टिकतो. याला खर्च जवळपास काहीच नाही. नाशिकमधल्या प्रत्येक लॅबने एवढं जरी सुरू केलं तरी सिंहस्थाच्या वेळी आपल्या हातात तुलनेला काहीतरी असेल.

डीएनए आणि मशीन

हा भाग पटकन सांगतो कारण किटसोबतची सूचना नीट पाळली की होतो. लिस्टेरियाची भिंत जाड, त्याला आधी लायसोझाइम हे भिंत फोडणारं एन्झाइम लागतं. डीएनए किती आहे ते क्यूबिटवर मोजा, आणि शुद्ध आहे का ते नॅनोड्रॉपवर बघा, तिथे २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवं. मशीनपैकी इल्युमिना अचूक, नॅनोपोर लहान आणि झटपट, प्लास्मिड (मुख्य डीएनएपासून वेगळी छोटी वर्तुळं) बघायला नॅनोपोर छान. मशीन जवळ नसेल तर पुण्यात सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या लॅब आहेत, तिथे जिवंत कल्चरपेक्षा डीएनए पाठवणं सोपं आणि सुरक्षित.

किती वाचायचं याचा हिशोब मात्र स्वतः करायला शिका. ४८ लाख अक्षरांचा जीनोम ५० वेळा वाचायचा तर २४ कोटी अक्षरं, मशीन प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी वाचतं, म्हणून एका जोडीत १५० अधिक १५० म्हणजे ३०० अक्षरं, तर ८ लाख जोड्या. ३०-४० पटीच्या खाली गेलात तर एखादा स्निप खरा की मशीनची चूक हे सांगता येत नाही. दर बॅचला एक रिकामी ट्यूब कंट्रोल म्हणून लावा.

कॉम्प्युटरवरचं काम

कोडिंग येत नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात, थांबू नका. गॅलक्सी नावाचा प्लॅटफॉर्म ब्राउझरमध्येच चालतो, फुकट आहे. क्रम साधारण असा. फास्टक्यूसीने डेटाचा दर्जा बघा, फास्टपीने खराब टोकं कापा, क्रॅकेनने बघा की खरंच एकच जंतू आहे ना. मग शोविल किंवा स्पेड्सने तुकडे जोडून जीनोम बांधा आणि क्वास्टने तपासा. साल्मोनेलाचा जीनोम ४४ ते ५२ लाखांच्या बाहेर गेला किंवा शेकडो बारीक तुकडे आले तर पुढे जाऊ नका, कल्चरकडे परत जा, खराब डेटातूनही सुंदर झाड (कोणता जंतू कोणाच्या किती जवळचा हे दाखवणारी आकृती) निघतं आणि ते चुकीचं असतं.

डेटा चांगला असेल तर सेकसेरो किंवा सिस्टर टूल सेरोटाइप, म्हणजे साल्मोनेलाचा उपप्रकार, सांगतं, एएमआरफाइंडर प्लस औषधांना दाद न देणारी जीन्स दाखवतं. तुलनेचे दोन रस्ते आहेत. एक, सीजीएमएलएसटी, यात ठरलेली हजारो जीन्स तपासून किती वेगळी आहेत ते मोजतात, साल्मोनेलासाठी एंटेरोबेस या ऑनलाइन डेटाबेसच्या योजनेत ३००२ जीन्स आहेत. दोन, स्निपी नावाचं टूल वापरून एका जवळच्या संदर्भ जीनोमशी अक्षर-अक्षर तुलना आणि मग आयक्यू-ट्रीने झाड. पहिला रस्ता दुसऱ्या लॅबशी बोलायला सोपा, दुसरा जास्त बारीक. मी नवख्यांना आधी सीजीएमएलएसटीच करायला सांगतो, त्यात गट दिसला की त्या गटापुरतं स्निपकडे जायचं. संदर्भ जीनोम त्याच सेरोटाइपचा घ्या, लांबचा घेतला तर खरे फरक हरवतात.

झाड वाचायचं कसं

समजा आपल्या उदाहरणात लग्नातले सहा, कँटीनचे दोन आणि पनीरमधली एक कॉलनी, हे सगळे एकमेकांपासून ० ते ४ स्निपमध्ये निघाले, आणि हॉस्टेलची मुलं १८० स्निप लांब. मग पहिली दोन प्रकरणं एकत्र, हॉस्टेल वेगळं, त्याचा तपास वेगळा करा. इंग्लंडमध्ये साल्मोनेलासाठी ५ स्निपच्या आतले गट धरून बघतात, लिस्टेरियात १७४८ जीन्सपैकी ७ पर्यंत फरक एकाच गटात धरतात, पण हे आकडे म्हणजे चौकशी सुरू करायची खूण आहे, निकाल नाही. कोंबड्यांत पसरणारे काही साल्मोनेला इतके एकसारखे असतात की ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे पेशंटही जवळ दिसतात. म्हणून त्याच सेरोटाइपचे आधीचे, या प्रकरणाबाहेरचे स्थानिक जंतू तुलनेला लागतातच, आणि वर जपून ठेवा म्हणालो ते यासाठीसुद्धा. शिवाय जीनोम दिशा सांगत नाही. पनीर आणि आचारी दोघांचा जंतू जुळला तर पनीरमुळे आचारी आजारी की आचाऱ्यामुळे पनीर खराब, हे तारखांवरून आणि चौकशीतूनच कळणार.

यासाठी जर्मनीचं २०११ चं प्रकरण प्रत्येकाने नीट वाचावं. ई. कोलायचा ओ१०४:एच४ हा प्रकार, साडेतीन हजारांहून जास्त पेशंट, ५० हून जास्त मृत्यू. सुरुवातीला हॅम्बर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकड्यांवर बोट ठेवलं गेलं, काकडीवर ई. कोलाय सापडलंही होतं, पण ते साथीचं नव्हतंच, वेगळं होतं. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला होता. खरा स्रोत निघाला मोड आलेली मेथी, आणि तो जीनोमने नाही तर हॉटेलात कोणी कुठली डिश खाल्ली याच्या चिकाटीच्या चौकशीने निघाला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तसेच पेशंट निघाले तेव्हा दोन्हीकडच्या मेथीच्या बियांचा माग काढत काढत तपास इजिप्तहून आलेल्या मालापर्यंत पोचला, बियांवर मात्र तो जंतू शेवटपर्यंत सापडला नाही. जीनोमने दाखवलं की हा जंतू नेमका कसला आहे, एका जुन्या प्रकारच्या ई. कोलायने शिगा टॉक्सिनचं जीन उचललं होतं.

आता ती काकडी म्हणजे पिंपळगावचा टोमॅटो किंवा निफाडची द्राक्षं समजा. घाईत एक नाव बाहेर गेलं की शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं आणि खरा स्रोत तिकडे चालूच राहतो. आणि मोड आलेली कडधान्यं तर आपल्या रोजच्या खाण्यात आहेत. मिसळीतली मटकी उकळते म्हणून ती सुरक्षित, कच्च्या मोडांच्या कोशिंबिरीबद्दल मात्र तपासात आवर्जून विचारा, कारण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूलाही तेवढीच मानवते.

कोणाला सांगायचं आणि कसं

विषबाधेची खबर जीनोमची वाट न बघता, पहिल्याच दिवशी पीएचसीमार्फत जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे जायला हवी, महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. कल्चर आणि सिक्वेन्सिंग धरून आठवडा सहज जातो, तोवर संशयित माल थांबवणं आणि पाणी तपासणं हे यादीवरूनच करायचं असतं. जीनोमचा रिपोर्ट लिहिताना "पनीरमुळे झालं" असं लिहू नका. "लग्नातले सहा, कँटीनचे दोन आणि पनीरच्या अमुक बॅचमधला एक जंतू ४ स्निपच्या आत आहेत, चौकशीतली माहिती याच्याशी जुळते" असं लिहा. व्हॉट्सॲपवर झाडाचा फोटो फिरवू नका, त्यात गावाचं नाव असतं आणि छोट्या गावात पेशंट लगेच ओळखला जातो. परवानगी घेऊन डेटा अमेरिकेतल्या एनसीबीआयसारख्या सार्वजनिक संग्रहात टाकलात तर सोबत वर्ष, जिल्हा आणि सॅम्पल माणसाचं की जेवणाचं इतकंच पुरे. उद्या दुसऱ्या राज्यातल्या कोणाचा जंतू त्याच्याशी जुळला तर धागा तिथून मिळतो.

सरावासाठी आज काय कराल

एनसीबीआयच्या त्याच संग्रहात २०११ च्या जर्मन साथीचा कच्चा डेटा कोणालाही मिळतो. त्यातले चार-पाच ओ१०४ घ्या, दोन-तीन साथीबाहेरची ई. कोलाय घ्या, गॅलक्सीवर वर सांगितलेल्या क्रमाने चालवा आणि झाड काढा. मग मुद्दाम एक सॅम्पल बिघडवा, म्हणजे दोन जंतूंचे रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) एकत्र करून तेच परत चालवा, आणि क्रॅकेन, क्वास्ट आणि झाड या तिन्हींत कुठे काय वेगळं दिसतं ते वहीत लिहून ठेवा. दोन्ही ई. कोलायच असतील तर क्रॅकेनला बहुतेक काहीच कळणार नाही, जीनोमचा आकार आणि तुकड्यांची संख्या तेवढी वाढलेली दिसेल.